‘८००० वॅट’च्या सबवूफरने केलेली फसवणूक

पुण्यात बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तातला सबवूफर (खर्जाचे खोल आवाज वाजवणारा स्पीकर) घ्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. दहा हजारांच्या आतलं बजेट असेल तर नक्कीच, कारण हा सापळा त्याच गिऱ्हाइकासाठी लावलेला असतो.

घरचे बुकशेल्फ स्पीकर चांगले आहेत, पण तबला लावला की डग्गा पोकळ वाजतो. तेवढी उणीव भरून काढायची होती. दुकानदाराने दहा इंची डबा दाखवला, खोक्यावर ठळक ‘८००० वॅट पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा. “साहेब, काच हादरते बघा,” म्हणत त्याने गाणं लावलं आणि काच खरंच हादरली. सौदा साडेआठ हजारांना ठरला. पोऱ्याने आतून सीलबंद खोकं आणून दिलं. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी वरून लागेल” म्हणत चिठोऱ्यावर नुसती रक्कम लिहून दिली.

घरी डग्ग्याचा पत्ताच नाही. कुठलाही ठेका लावा, एकच भप्प. क्रॉसओव्हरचं, म्हणजे कुठपर्यंतचे खालचे सूर सबवूफरने वाजवायचे ते ठरवणारं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आवाज तसाच.

ओळखीच्या मेकॅनिकने स्क्रू काढले तेव्हा उलगडा झाला. मागून भलामोठा दिसणारा मॅग्नेट म्हणजे प्लॅस्टिकची टोपी. ती ओढल्यावर आत रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा तुकडा. बाजूचा दुसरा ‘स्पीकर’ लाकडावर चिकटवलेला कोन होता, मागे भोकच पाडलेलं नव्हतं. क्रॉसओव्हरच्या बटणाला वायर नाही. ट्रान्सफॉर्मरवर छापलेलं १२-०-१२ (म्हणजे एकूण २४ व्होल्ट), ३ अँपिअर. “दादा, २४ गुणिले ३, बहात्तर. याच्यातून आठ हजार वॅट कुठून काढणार?” मेकॅनिक म्हणाला. सलग वाजवताना स्पीकरपर्यंत त्यातले चाळीस-पन्नास पोचले तरी खूप.

पीएमपीओचा आकडा कसा मोजायचा याला ठरलेलं माप नाही, कुणी काहीही छापावं. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद. दहा बाय बाराच्या खोलीला खरे ५० ते १०० वॅट आरएमएस पुरतात. मोबाइलमध्ये ४० आणि ५० हर्ट्झचे टेस्ट टोन (एकाच खोल सुराचे सलग आवाज) घेऊन जा. गाण्यावर काच हादरवणं सोपं असतं, या टोनवर लबाडी टिकत नाही. आणि जो डबा ऐकला तोच पॅक करून घ्या. परत गेलो तेव्हा दिसलं, डेमोच्या डब्याची वायर काउंटरखालच्या मोठ्या अँप्लिफायरला जात होती.

दुकानदाराने “उघडलेला माल परत घेत नाही” म्हणून हात झटकले. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. चिठोरा, यूपीआयची नोंद आणि उघडलेल्या डब्याचे फोटो जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला, अर्धे पैसे घ्या आणि मिटवा म्हणाला. मी पूर्ण रक्कम मागितली आहे.