कवचाला भोक की बाहेरूनच अंदाज?

स्त्रीबीज जेमतेम ०.१ मिलिमीटरचं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करताना, त्याचा दर्जा तपासायला दोन वाटा.

एक, पोलर बॉडीची बायोप्सी. लेझरनं बीजाच्या कवचाला भोक पाडायचं, बीजानं बाहेर टाकलेली ती चिमुकली गाठोडी उचलायची आणि गुणसूत्रं मोजायची. तिच्यात एक जास्त निघालं, तर बीजात एक कमी असणार, असा उलटा हिशेब. माहिती नेमकी, पण फक्त आईच्या बाजूची. शुक्राणूतल्या चुका सुटतात.

दुसरी वाट मला जास्त पटते. इक्सीआधी (म्हणजे बीजात सुईनं एकच शुक्राणू सोडण्याआधी) बीजाभोवतीच्या क्युम्युलस पेशी काढाव्याच लागतात. एरवी त्या सरळ कचऱ्यात जातात. त्यांच्यातली कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे पाहून बीजाचा अंदाज बांधायचा. बीजाला धक्काही नाही. मात्र प्रत्येक बीजाच्या पेशी वेगळ्या ठेवायच्या. एकदा सरमिसळ झाली की मुसळ केरात. बीजाचा फोटो एआयला दाखवणं त्याहून सोपं. पण हे दोन्ही अंदाजच, गुणसूत्रांची खात्री देत नाहीत.

(आणि रक्तातला एएमएच हा हार्मोन चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो बीजांच्या संख्येबद्दल सांगतो, दर्जाबद्दल नाही.)