धरमपेठच्या गॅलरीतलं साउंड आर्ट: काम भारी, पण लोकांना मोकळं तर वाटू द्या

धरमपेठ साइडच्या एका छोट्या गॅलरीत सध्या साउंड आर्टचं, म्हणजे आवाजांपासून केलेल्या कलेचं, प्रदर्शन चालू आहे, एंट्री फ्री आहे, नागपुरात असं फार कमी होतं त्यामुळे आधीच सांगते, जाच.

मधल्या हॉलमधलं काम सगळ्यात भारी. बर्डीच्या, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडचे आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून हॉलभर उभ्या केलेल्या स्पीकर्समध्ये वाटलेत, एकात सिटी बस, एकात शटर वर जातानाचा खडखडाट, एकात फेरीवाला. मधोमध उभं राहिलं की अख्खी बर्डी अंगावर येते आणि फेरीवाल्याच्या स्पीकरला कान लावला की ओरडायच्या आधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ हिच्या 2001 च्या कामात वेगवेगळे रेकॉर्ड केलेले गाण्यातले 40 आवाज असेच 40 स्पीकर्समधून येतात आणि लोक त्यातून फिरत ऐकतात. अशा कामात फिरलं नाही तर अर्धं ऐकायचं राहूनच जातं.

पण इथे कोणी फिरतच नव्हतं हो! सगळे भिंतीला चिकटून, हात मागे बांधून. एक काकू स्पीकरजवळ गेल्या तर गार्ड म्हणे "मॅडम, लांबून". एक पोरगं बससारखा आवाज काढू लागलं तर आईच दटावते, "काय करून राहिला, चूप!" यात गार्डचा किंवा त्या आईचा काही दोष नाही, हात लावू नका, लांब राहा, हळू बोला हे चित्रांच्या गॅलरीचे नियम न सांगताच आपल्या अंगात भिनलेत, आणि इथे वेगळं चालतं हे गॅलरीवाल्यांनीच सांगायला पाहिजे ना. 1952 मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या 4 मिनिटं 33 सेकंदांच्या रचनेत डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला आणि एक सूरही वाजवला नाही, आजूबाजूला जे काही ऐकू येत होतं तेच संगीत. त्याला 70 वर्षं उलटून गेली आणि आपण अजून लहान पोराला चूप करतो, मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी अडचण खोलीची. आवाज काही दाराशी थांबत नाही, त्यात खाली टाइल्स आणि भिंती कोऱ्या, त्यामुळे शेजारच्या खोलीत अंबाझरी तलावाच्या पाण्याचं जे इतकं नाजूक काम आहे त्यात सारखी बस घुसते. जाड पडदे आणि कार्पेट टाकलं तर शटरचा कर्कश आवाज बराच कमी होईल, बसची घरघर मात्र पडद्याला जुमानणार नाही, ती खोली लांबच घ्यायला हवी होती. बसायला स्टूल नाही, एक लूप, म्हणजे रेकॉर्डिंगची एक फेरी, किती मिनिटांचा तेही कुठे लिहिलेलं नाही, लोक अर्ध्या मिनिटात बाहेर पडतात.

माझ्याकडून 5 पैकी साडेतीन. शक्यतो दुपारी जा, गर्दी नसते, पाण्याचं काम आधी ऐका, आणि गार्डभाऊंना विचारून बिनधास्त स्पीकरजवळ जा, मी विचारलं तर लगेच हो म्हणाले.