घरच्या लेखन-अभ्यासक्रमाचा अनुभव : सहावी ते आठवीसाठी जरूर घ्यावा, पुढे मात्र विचार करावा

घरीच शिकणाऱ्या आमच्या दोन्ही मुलांसाठी सहावी ते बारावीचा जो तयार लेखन-अभ्यासक्रम आम्ही घेतला, त्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. त्याच्या सशुल्क तपासणी-सेवेने बहीण-भावाच्या निबंधांवर अक्षरशः एकच शेरा पाठवला, तेव्हा मात्र लिहिणे भाग पडले. मुलगी सातवीच्या खंडावर काम करते, मुलगा दहावीच्या. तिने घरट्यातल्या पिल्लांचे वर्णन लिहिले होते, तर त्याने लहान मुलांच्या हाती मोबाइल द्यावा की नाही, या प्रश्नावर आपली बाजू मांडली होती. दोघांनाही उत्तर आले : ‘मांडणी चांगली आहे. वाक्ये जोडणाऱ्या शब्दांचा वापर वाढवावा व शेवट अधिक प्रभावी करावा.’ तक्रार केल्यावर सांगण्यात आले की तपासनीस ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणेच शेरे देतात आणि दोघांच्याही तक्त्यात त्याच चौकटी रिकाम्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत. एक जादा तपासणी देऊ करण्यात आली, ती मी नाकारली. कारण दोष तपासनिसाचा नसून तक्त्याचा होता.

हा तक्ता प्रत्येक पाठाच्या शेवटी असतो. परिच्छेदात निदान एक उपमा, निदान दोन विशेषणे, सुरुवातीला वाक्ये जोडणारा शब्द, अशा चौकटी त्यात असतात आणि मुलाने पक्का खर्डा करण्यापूर्वी त्यांवर खुणा करायच्या असतात. मुलीच्या कच्च्या खर्ड्यात पुढील दोन वाक्ये होती : ‘पिल्ले गप्प पडून होती. फांदी हलली की सगळ्या चोची एकदम उघडत.’ तक्ता भरून झाल्यावर त्यांचे असे झाले : ‘इवलीशी, गोजिरवाणी पिल्ले गप्प पडून होती. त्याचप्रमाणे फांदी हलली की कमळासारख्या सुंदर चोची एकदम उघडत.’ पहिल्या खर्ड्यात आधीची शांतता आणि नंतरची धांदल एकमेकींसमोर उभ्या होत्या, तिने जे पाहिले ते त्या विरोधातच होते; मधे ‘त्याचप्रमाणे’ आले आणि तो विरोधच नाहीसा झाला. तक्त्याच्या हिशेबी मात्र दुसरा खर्डा सरस ठरला. ज्या मुलीला नेमके पाहता येते, तिला नेमके पाहिलेले झाकायला शिकवणारी ही चौकट आहे, आणि माझा या अभ्यासक्रमावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

असे असूनही सहावी ते आठवीचे खंड मी इतरांना घ्यायला सांगेन. सारांशलेखनाचे पाठ सुरुवातीला मला कंटाळवाणे वाटले होते. एक उतारा वाचायचा, प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द मुद्दे म्हणून टिपायचे, पुस्तक मिटायचे आणि केवळ मुद्द्यांवरून तो मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा, हेच आठवडेच्या आठवडे चालते. मुलांना स्वतःचे काही लिहायला कधी मिळणार, असे मला वाटे. ते मत आता पूर्ण बदलले आहे. मुलाच्या इतिहासाच्या वह्या पाहिल्या तेव्हा कळले की तो आता पुस्तकातली वाक्ये उतरवत नाही. काय महत्त्वाचे आणि काय सोडून द्यायचे, याचा निर्णय तो स्वतः घेतो.

या पद्धतीमागे मोठी परंपरा आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातील निबंधांची अशीच त्रोटक टिपणे काढून, ती काही दिवस बाजूला ठेवून, निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाहिले होते. ते आणखी एक गोष्ट करीत, जी या अभ्यासक्रमात नाही : टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकायचा आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा लावायचा. आम्ही मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहून हा भाग जोडून घेतला आणि विचारांची मांडणी शिकवणारा याहून चांगला सराव मला अद्याप सापडलेला नाही. चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखन-शिक्षणावरील प्रयोगांचा जो आढावा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या शिक्षण-संशोधकांनी २००७ मध्ये घेतला, त्यात सारांशलेखनाचा परिणाम (शिकवल्याने लेखन किती सुधारले हे दाखवणारा आकडा; शून्य म्हणजे काहीच फरक नाही) ०.८२ इतका, म्हणजे सर्वांत वरच्या उपायांच्या बरोबरीचा निघाला. छोटी वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाचा ०.५०, आणि लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा चक्क उणे. प्रकाशकाने मात्र आठवड्यातला मोठा वेळ सुट्या व्याकरणाच्या पानांना दिला आहे आणि वाक्ये जोडण्याचा सराव कसाबसा उरकला आहे. व्याकरणाची ती पाने आम्ही वगळतो; चुका मुलांच्या स्वतःच्या खर्ड्यातच दाखवतो.

नववीपासून पुढचे खंड निराश करतात. सहावीत जो पाच परिच्छेदांचा सांगाडा दिला आहे, तोच बारावीपर्यंत चालतो. बदलतात ते विषय आणि शब्दमर्यादा. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील ग्रीक शिक्षक अॅफ्थोनियस यांच्या क्रमातील चौदा लेखन-सराव पाहिले, तर नीतिकथा पुन्हा सांगण्यापासून आरंभ होतो, मध्यावर एखाद्या विधानाचे खंडन आणि मंडन येते आणि अखेरीस सर्वसाधारण प्रश्नावरील प्रबंध व एखाद्या कायद्याची चर्चा येते. प्रत्येक पायरीवर डोक्याला नवे काम मिळते. सात वर्षांचा आराखडा आखणाऱ्याने निदान एवढे तरी पाहायला हवे होते.

मुलाच्या मोबाइलवरच्या निबंधाचेच पाहा. त्याने लिहिले : ‘मोबाइलमुळे लहान मुलांची झोप कमी होते, म्हणून त्यांना मोबाइल देऊ नये.’ ‘कारण दिले आहे’ या चौकटीत खूण झाली आणि विषय संपला. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी फोड मांडली, तीत दावा आणि आधार यांबरोबरच त्या दोहोंना जोडणारे गृहीतही तपासावे लागते. आम्ही दोघांनी बसून ते गृहीत शोधले : झोप मोबाइलने जाते की रात्री उशिरापर्यंत तो वापरल्याने? दुसरे खरे असेल, तर निष्कर्ष ‘देऊ नये’ असा न निघता ‘रात्री देऊ नये’ एवढाच निघतो. त्यानंतर त्याने निबंधाचा अर्धा भाग खोडून नव्याने लिहिला आणि तो खर्डा पहिल्याहून कितीतरी प्रामाणिक झाला. दहावीच्या मुलाला शिकवायचे ते हे, आणि यासाठी खंडात एक पानही नाही.

खर्चाबद्दलही सांगितले पाहिजे. कार्यपुस्तिकेत एकाच मुलाला लिहिण्यापुरती जागा आहे, तिची प्रत काढण्यास मनाई आहे आणि धाकट्या भावंडासाठी पूर्ण संच पुन्हा घ्यावा लागतो. प्रत्येक पाठात उतारा जेमतेम पानभर आणि उरलेल्या कोऱ्या ओळी असताना ही अट मला अन्यायाची वाटते. पुस्तिकेत काहीच न लिहिता साध्या वहीत लिहावे, म्हणजे तोच संच पुढच्या मुलाला राहतो आणि नियमही मोडत नाही.

सध्या आमच्याकडे असे चालते. सहावी ते आठवीचे खंड क्रमाने घेतो, तक्त्याचे पान सोडून. खर्डा झाला की मूल तो मोठ्याने वाचते. ऐकणारा जिथे अडखळतो तिथे फक्त रेघ मारतो, दुरुस्ती सुचवत नाही. नववी-दहावीत निबंधांची संख्या कमी केली असून प्रत्येक निबंधाचे तीन खर्डे होतात, त्यांपैकी दुसऱ्यात विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मांडलाच पाहिजे, असा नियम आहे. अकरावी-बारावीसाठी एकमेकांशी न जुळणारे दोन-तीन स्रोत वाचून, कोणाचे कोणते म्हणणे कुठून घेतले याची नोंद ठेवून, वर्षात दोनच दीर्घ निबंध लिहायचे ठरवले आहे. वरच्या खंडांतील उतारे खरोखर चांगले निवडलेले आहेत, म्हणून ते वाचनासाठी ठेवले आहेत. तपासणी-सेवेचे नूतनीकरण केलेले नाही. मुलाचे निबंध आता त्याच्याच वयाच्या, घरी शिकणाऱ्या एका मुलीकडे जातात आणि तिचे आमच्याकडे येतात. तिने त्याच्या शेवटच्या निबंधावर लिहिले होते, ‘तिसऱ्या परिच्छेदात तू पहिल्याच्या उलट बोलतो आहेस.’ त्याने परिच्छेद पुन्हा वाचला, आणि ते खरेच होते.