नक्षीदार काँक्रीट बॉर्डर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

नेरुळमधील आमच्या रो-हाऊसच्या अंगणात फुलझाडांच्या वाफ्यांभोवती गेल्या हिवाळ्यात प्रीकास्ट (साच्यात आधीच ओतून तयार केलेल्या) काँक्रीटच्या तुकड्यांची नक्षीदार बॉर्डर बसवून घेतली. उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या बॉर्डरचे आयुष्य नक्षीवर नव्हे, तर तिच्याखालच्या बैठकीवर ठरते.

नवी मुंबईतील बरीच जमीन खाडीकाठच्या भरावाची असल्यामुळे ती सगळीकडे सारखी बसत नाही. गवंड्याने वीतभर चर खणून मुरूम दुर्मुसाने ठोकला, त्यावर ग्रिट (बारीक खडी) पसरली आणि लाइनदोरी लावून प्रत्येक तुकडा तृतीयांश उंचीपर्यंत मातीत गाडला. तो भाग अजून ओळीत आहे. फाटकाजवळ मात्र पाण्याचा पाइप वरच असल्याने चर उथळ ठेवावा लागला आणि तिथले तुकडे ऑगस्टपर्यंत पुढे कलले. सांधे सिमेंटने भरलेले नसल्यामुळे तेवढेच तुकडे उचलून पुन्हा बसवता आले. जागेवर ओतलेली सलग बॉर्डर अशा वेळी तडकते.

पावसाळ्यात बॉर्डर बांधासारखी पाणी अडवते, त्यामुळे उताराच्या बाजूला बोटभर फटी ठेवून त्यांच्यामागे खडी भरणे आवश्यक आहे; नाहीतर मोगऱ्याची मुळे कुजलीच म्हणून समजा. हरळी बऱ्यापैकी अडते, पण नागरमोथा खालून खुशाल पलीकडे जातो. काँक्रीटला अगदी लागून असलेल्या एक्झोराची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. नव्या काँक्रीटमधून झिरपणाऱ्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि आम्ल माती मानवणाऱ्या अशा झाडांना लोह मिळेनासे होते. झाड फूटभर आत हलवून शेणखत दिल्यावर नवी पालवी हिरवी आली.

रंगाबाबत मात्र मी नाराज आहे. विक्रेत्याने रंग आरपार असल्याचे सांगितले होते, पण कोपरा उडालेल्या एका तुकड्यात विटकरी थर जेमतेम नखाएवढा जाड असून आत सरळ राखाडी काँक्रीट दिसते. पहिल्या पावसांनंतर पृष्ठभागावर पांढरी खारही आली. काँक्रीटमधील चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो, त्याचा तो थर असतो. कोरड्या ब्रशने तो बराचसा निघाला. झाडांशेजारी ॲसिड वापरू नये. नक्षीच्या खाचांत शेवाळ साचते ते वेगळेच, आणि ते खरवडण्यात रविवारची सकाळ जाते. मागच्या वाफ्यासाठी मी याच मापाचे, पण साधे, बिनरंगी आणि बिननक्षीचे तुकडे घेणार आहे.