दुसऱ्या टीव्हीच्या ‘आजीवन मोफत’ जोडणीत झालेली फसवणूक

घरातल्या डीटीएचच्या छत्रीवरच दुसरा टीव्ही चालवून देतो आणि त्याचे महिन्याला काहीही भरावे लागणार नाही, असे सांगणारा कोणी दारात आला, तर त्याला एक रुपयाही देण्याआधी आमच्या घरी काय घडले ते वाचावे, अशी माझी विनंती आहे.

2021 मध्ये वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांना बराच काळ मागच्या खोलीतच झोपून राहावे लागणार असल्यामुळे त्यांच्यासाठी तिथे एक टीव्ही आणून ठेवला होता. त्याच सुमारास बैठकीच्या खोलीतल्या जुन्या जोडणीचा सिग्नल सारखा जाऊ लागला, म्हणून आम्ही कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवली आणि ती दुरुस्त करायला कंपनीचे बोधचिन्ह असलेला शर्ट घालून एक टेक्निशियन आला. मी तेव्हा कामावर होतो. मागच्या खोलीतला नवा टीव्ही पाहून त्याने आईला सांगितले, “काकू, जुन्या ग्राहकांसाठी कंपनीची योजना आहे. बॉक्सचे एकदाच पैसे भरा, दुसऱ्या टीव्हीला रिचार्ज लागत नाही.” आईने 3,200 रुपये रोख दिले. त्याने साध्या पावतीपुस्तकावर रक्कम लिहून दिली. त्यावर ना कंपनीचे नाव होते, ना जीएसटी क्रमांक. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या करमणुकीची सोय पाहून जो भाव ठरवतो, तो मला साध्या चोरापेक्षा वाईट वाटतो.

पहिल्या संध्याकाळपासूनच काही तरी बिनसलेले होते. दोन्ही टीव्ही एकदम चालू असले की वडिलांच्या टीव्हीवरचे काही चॅनेल दिसत नसत आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना येई. बैठकीतला बॉक्स भिंतीवरच्या बटणावरून पूर्ण बंद केला की तेच चॅनेल लगेच परत येत. फोनवर त्या माणसाने आधी पावसाचे कारण दिले. जोराच्या पावसात सिग्नल जातो हे खरे आहे, पण शेजारच्या खोलीतला बॉक्स बंद केल्यावर पाऊस थांबत नाही. नंतर त्याने ‘एलएनबी (छत्रीच्या टोकावरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलावा लागेल’ असे सांगून आणखी 900 रुपये मागितले.

गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा छत्रीकडून येणारी केबल मध्येच कापून तिला एक लहानसा स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे दोन फाटे करणारा जोड, लावलेला आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. पट्टी सोडवली तर आतल्या जोडावर गंज चढलेला होता. छत्रीच्या टोकावरचा एलएनबी कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या हे बॉक्सकडून केबलमधून येणाऱ्या विजेच्या दाबावर ठरवतो: साधारण 13 व्होल्टला उभ्या आणि 18 व्होल्टला आडव्या. एकाच केबलवर दोन बॉक्स जोडले आणि एकाला उभ्या, दुसऱ्याला आडव्या लहरींवरचा चॅनेल हवा असला, तर एलएनबी एकाचेच ऐकू शकतो. म्हणून दुसऱ्या टीव्हीसाठी दोन मुखांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून स्वतंत्र केबल लागते. एकाच बॉक्समधून तार ओढूनही दुसरा टीव्ही चालतो, मात्र तेव्हा दोन्हीकडे एकच चॅनेल दिसतो. काम चालू असताना घरातल्या कोणी गच्चीवर जाऊन दुसरी केबल खरोखर टाकली जात आहे का एवढे पाहिले, तरी खरे-खोटे तिथेच कळते.

खरा धक्का काही महिन्यांनी बसला. वडिलांचा टीव्ही एके दिवशी पूर्ण बंद पडला आणि पडद्यावर रिचार्ज संपल्याची सूचना आली. मी ग्राहक सेवा केंद्राला बॉक्सच्या मागचा क्रमांक आणि कार्डाचा क्रमांक वाचून दाखवला. तिकडून उत्तर आले की तुमच्या खात्यावर एकच बॉक्स नोंदलेला आहे. हा दुसरा बॉक्स दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर आहे आणि त्याचे नाव आम्ही सांगू शकत नाही. म्हणजे कुणाचा तरी जुना बॉक्स आम्हाला नवा म्हणून विकला होता आणि काही महिने पुरेल एवढा रिचार्ज त्यावर आधीच भरून ठेवला होता. तशी कोणतीही योजना कंपनीकडे नव्हती.

दुसरा टीव्ही फुकट नसतो, पण त्याचा खर्च फार मोठाही नव्हता. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2020 च्या नियमदुरुस्तीनुसार 200 चॅनेलपर्यंतचे नेटवर्क शुल्क, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क, महिन्याला जास्तीत जास्त 130 रुपये अधिक कर इतके होते आणि त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी त्याच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नव्हते, म्हणजे फार तर 52 रुपये अधिक कर. सशुल्क चॅनेलचे पैसे वेगळे. 2024 मध्ये या शुल्काची कमाल मर्यादा काढण्यात आली, त्यामुळे आता ज्याच्या त्याच्या कंपनीचा चालू दर विचारूनच हिशेब करावा.

आम्ही कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार केली आणि पावतीची प्रत जोडून पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. तो टेक्निशियन बाहेरच्या ठेकेदाराचा होता आणि त्याने काम सोडले आहे, एवढेच कंपनीने कळवले. पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर आम्ही ग्राहक सेवेमार्फत दुसरी जोडणी घेतली, दोन मुखांचा एलएनबी बसवून घेतला आणि नवा बॉक्स आमच्याच खात्यावर चढल्याचा संदेश नोंदणीकृत मोबाइलवर आल्यावरच पैसे दिले, तेही थेट कंपनीच्या खात्यात. ज्यांच्या घरी असा ‘बिनरिचार्जचा’ दुसरा बॉक्स आजही चालू आहे, त्यांनी त्याच्या मागचा क्रमांक ग्राहक सेवेला आजच विचारून पाहावा. तो दुसऱ्याच्या नावावर निघाला आणि कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.