पुण्याची सेमिनरी की सोलापुरात राहून शास्त्रपाठ?

बायबलचा रीतसर अभ्यास करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी आधी एकच विचारतो: कशासाठी? पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचे आहे, की संडे स्कूल, घरसभा, आजाऱ्यांच्या भेटी ही हातात असलेली सेवाच नीट करायची आहे? पुढचे सगळे या उत्तरावर ठरते. मी पदवीनंतर पुण्याला सेमिनरीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या, वसतिगृहात राहून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ईश्वरविज्ञानाची पदवी) केली. माझ्या बहिणीने शाळेची नोकरी आणि दोन मुले सांभाळत घरूनच डिप्लोमा पूर्ण केला. आज आम्ही दोघेही सोलापुरातच वचन शिकवतो, म्हणून दोन्ही वाटांचे बरे-वाईट मी जवळून पाहिले आहे.

पाळक व्हायचे असेल तर पदवी कुठली हा प्रश्न टाळता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) सर्वाधिक वजन सेरामपूरच्या पदवीला आहे. हे आपल्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, बंगालमधले. इंग्रज मिशनरी विल्यम केरी आणि सहकाऱ्यांनी 1818 मध्ये तिथे कॉलेज काढले, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली, आणि 1918 च्या कायद्याने आजचे सिनेट, म्हणजे पदव्या देणारे मंडळ, आले. मराठी नवा करार 1811 मध्ये छापला गेला तोही याच सेरामपुरात. देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या या सिनेटशी जोडलेल्या आहेत. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक. ती 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात आली. बी.डी. हातात असली की पुढे एम.टी.एच.चे, म्हणजे ईश्वरविज्ञानातल्या पदव्युत्तर पदवीचे, दार उघडे राहते.

पण फक्त पदवीसाठी मी कुणाला पुण्याला पाठवणार नाही. तिथे राहून मिळते ती मूळ भाषांची शिस्त. स्तोत्र 23 मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आलो. कल्याण आणि दया आयुष्यभर ‘लाभतील’, असे आपण मराठीत वाचतो. हिब्रूच्या वर्गात कळले की तिथले क्रियापद ‘रादाफ’ आहे, म्हणजे पाठलाग करणे. शत्रू मागे लागतो त्यासाठी दाविदाच्या स्तोत्रांत हेच क्रियापद येते. म्हणजे देवाची दया शत्रूसारखी हट्टाने माझ्या मागे लागली आहे! त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाईंच्या खाटेशेजारी बसून हेच स्तोत्र वाचले, तेव्हा मी हा एक शब्द समजावून सांगितला आणि थांबलो. त्या वेळी चार वर्षांचे चीज झाले असे वाटले.

अशा गोष्टी घरी बसून शिकता येत नाहीत असे नाही, पण कठीण जातात. ग्रीक-हिब्रूला रोजचा सराव लागतो, चूक त्याच दिवशी दाखवणारा शिक्षक लागतो, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी मिझो किंवा मल्याळी मित्र असावा लागतो, जो तुमच्या ठाम मताला प्रेमाने धक्का देईल.

आता पुण्याची दुसरी बाजू. मी शिकलो ते इंग्रजीत. परत आल्यावर पहिले सहा महिने माझा संदेश कुणाच्या गळी उतरेना. आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, त्यापुढे कन्नड. घरसभेत बसलेल्या आजींना ‘ईश्वरविज्ञान’ नको असते, मुलगा दारू कधी सोडेल हे त्यांना देवाला विचारायचे असते. ही भाषा मला बहिणीकडून पुन्हा शिकावी लागली, कारण ती कधी इथून हललीच नव्हती. जे वाचले ते त्याच आठवड्यात तिने संडे स्कूलमध्ये वापरले. मुलांना कळले नाही तर स्वतःलाच कळलेले नाही, असे समजून ती परत पुस्तक उघडायची.

तिचा अभ्यासक्रम सिनेटच्याच बहिःशाल विभागाचा, म्हणजे सेप्टरचा. तिथे नोकरी न सोडता ख्रिस्ती अभ्यासाचा डिप्लोमा आणि त्यापुढे बी.सी.एस. (त्याच विषयाची पदवी) करता येते. बेंगळुरूच्या टॅफ्टी या संस्थेची पद्धत वेगळी आहे: घरी वाचायचे आणि ठरलेल्या दिवशी छोट्या गटात मार्गदर्शकासोबत बसायचे. एकट्याने अभ्यास रेटणे ज्यांना जमत नाही त्यांनी गटाचीच वाट धरावी. बहिणीचा अभ्यास दोनदा बंद पडला, एकदा सासऱ्यांच्या आजारपणात आणि एकदा नुसत्या थकव्याने. तिला टोकायला कुणी नव्हते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही पात्रता मुख्यतः मंडळीतल्या सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी आहे. तिच्या जोरावर पाळकाची दीक्षा मिळेल असे गृहीत धरू नका.

कोणत्याही सिनेटशी न जोडलेल्या सहा महिन्यांच्या, वर्षभराच्या बायबल शाळाही असतात. सुवार्तेची आच तिथे चांगली लागते. मात्र ते प्रमाणपत्र पुढच्या पदवीला चालेल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. कॅथलिक तरुणांची गोष्ट निराळी. तिथे सुरुवातच धर्मप्रांताकडून होते, आणि तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान अशी लांब तयारी आजन्म ब्रह्मचर्याच्या तयारीसह करावी लागते.

पैशांबद्दल थोडेसे. मंडळीने खर्च उचलला तर परतल्यावर काही वर्षे तिच्या सेवेत राहण्याची अट बहुधा असते. ती अट घरी आई-वडिलांना आणि लग्न झाले असेल तर बायकोला आधी सांगा. शिफारसपत्रही मंडळीच देते, म्हणून पाळकसाहेबांशी बोलणे ही पहिली पायरी, फॉर्म भरणे नंतरचे. मुलींनी मागे राहू नये. सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) स्त्रियांनाही दीक्षा मिळते.

माझे मत विचाराल तर: वय पंचविशीच्या आत, घरची जबाबदारी हलकी आणि पाळक होण्याचे पाचारण पक्के असेल तर पुणे. चाळिशी जवळ आली असेल, पॉवरलूमवर किंवा ऑफिसात नोकरी असेल आणि मंडळीत सेवा चालूच असेल, तर सोलापूर सोडू नका.

आणि तरीही मन दुभंगलेले असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा, एक दिवस सेमिनरीच्या चॅपेलमध्ये आणि वर्गात बसा, संध्याकाळच्या गाडीने परत या. दुसऱ्या दिवशी केडगावला उतरा. दौंड-पुण्याच्या मधले हे स्टेशन. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनचा सगळा संसार सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी हातचे सोडले नाही. ती जागा पाहून या, मग पाळकसाहेबांकडे जा.