पुरावा की श्रद्धा? मालवणातल्या भाच्याला उत्तर

भाचा विचारतो, "मामा, पुराव्याशिवाय देव मानायचा का?"

इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्डने 1877 मध्ये जहाजमालकाचं उदाहरण दिलं: जुनं जहाज न तपासता नुसत्या भरवशावर माणसं पाठवणारा दोषीच, जहाज सुखरूप पोचलं तरी. मला हे पूर्ण पटतं. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यात भरलेला कापूस कुजलाय का, ते नखाने टोकरूनच कळतं. तिथे नारळ वाढवून भागत नाही. त्यात कष्ट आहेत, पण चूक झाली तर जीव खलाशांचे जातात.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने 1896 मध्ये वेगळं मांडलं: निवड टाळता येत नसेल आणि पुराव्याने ती सुटत नसेल, तर विश्वासाचा हक्क आहे.

होडी, औषध, दुसऱ्याचा पैसा असेल तर क्लिफर्डच धर रे. आजोबा गेल्यावर समुद्राकडे हात जोडावेसे वाटले, तर जेम्स पुरे.